विहीणबाईंबरोबर ताई ची

नाशिकला द्वारकेच्या चौकात मी पडले, ती काही कुणाचा धक्का लागून नाही. ओझरला राहणाऱ्या नणंदेकडून परत येत होते. बसमधून उतरून रस्ता ओलांडायला दुभाजकाशी थांबले. वाट मोकळी झाली तसं पाऊल उचलायला गेले, तर पाऊल उचललं गेलंच नाही. बाकीचं अंग मात्र पुढे गेलं. मी रस्त्यावर फतकल मारून बसले आणि जो हात टेकला तो मनगटात मोडला. एका फळवाल्याने मला कडेला आणलं, पाणी दिलं आणि माझ्या मोबाइलवरून आमच्या ह्यांना फोन लावून दिला. मला स्वतःला तेव्हा घरचा नंबरही आठवत नव्हता, आणि मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केलेली.

प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, हात छान जुळलाय, पण हाडं विरळ झालीत, आता पुन्हा पडायचं नाही. न पडण्यासाठी काय करायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं फिजिओथेरपीच्या मुलीने. तिने मला एका पायावर उभं राहायला लावलं, तर मी लगेच भिंत धरली. मग म्हणाली, दोन्ही पायांवर उभ्या राहा आणि डोळे मिटा. डोळे मिटले तशी मी डुलायला लागले. मला जरा धक्काच बसला. गुडघे दुखत नव्हते, चालणं रोजचं होतं, आणि नुसतं उभं राहता येत नव्हतं. तिनेच मग सांगितलं की इंदिरानगरमध्ये एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी ताई ची शिकवतात, तोल सुधारायला ते फार चांगलं असतं.

घरी येऊन सांगितलं, तर हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "ताईची? कुठल्या ताईची?"

ह्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात गेली. थट्टा करतानाही चेहरा असा, की नवख्याला वाटावं माणूस खरंच विचारतोय. मी म्हटलं, चिनी व्यायाम आहे, सावकाश करायचा असतो. त्यावर म्हणाले, मग आपली योगासनं काय वाईट होती? मी म्हटलं, आसनं बरीचशी बसून नि झोपून, आणि मी पडते ती उभी असताना. हा मुद्दा त्यांना पटला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी स्कूटर काढून फाटकाशी थांबले होते.

मैदान म्हणजे एका सोसायटीमागची मोकळी जागा. कडेने अशोकाची झाडं, पलीकडच्या कोपऱ्यात हास्यक्लबवाले. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सर मोठ्या जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर काही वर्षं मुलीकडे सिंगापूरला राहिले. तिथे गुडघ्यांनी दगा दिला. त्यांच्या इमारतीखाली एक चिनी आजीबाई रोज सकाळी हा व्यायाम घेत, त्यांच्या मागे उभं राहून शिकले. त्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, सरांना चिनी येत नव्हतं. त्यामुळे असेल, पण समजावून सांगायची सवय सरांनाही नव्हती. ते करून दाखवायचे आणि मग आमच्याकडे बघत राहायचे.

सुरुवात व्हायची ती ची गाँगने, म्हणजे उभ्याने करायच्या श्वासाच्या व्यायामाने. गुडघे जरासे सैल सोडायचे, हात पोटासमोर असे गोल धरायचे जसं काही मोठं पातेलं कवेत घेतलंय, आणि नुसतं उभं राहायचं. श्वास आपला येतोय, जातोय. थोड्या वेळाने पोटऱ्या थरथरायला लागतात. वाटतं, या उभं राहण्यात कसला आलाय व्यायाम, आणि घरी जाताना जिना चढवत नाही. त्यानंतर ताई ची. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर न्यायचं, पण असं, जसं एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओततोय आणि सांडू द्यायचं नाही. सगळं वजन गेल्याशिवाय मोकळा पाय उचलायचा नाही. द्वारकेला माझं काय चुकलं असेल ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

पण पहिल्या दिवसाची गोष्ट वेगळी आहे. मी मागच्या ओळीत जागा धरली, बाजूला बघितलं, तर तिथे आमच्या विहीणबाई उभ्या. माझ्या एकुलत्या एका लेकीच्या सासूबाई.

विहीणबाईंचं माहेर-सासर दोन्ही नाशिकला लागून असलेल्या मळ्यांतलं. घरात भाजी आणि फुलं पिढ्यान् पिढ्या. यजमान गेल्यावर त्यांनी मळा दिरांकडे कसायला दिला आणि मुलाने इंदिरानगरात घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुलगा आणि माझी लेक दोघं नोकरीला बेंगळुरूत, म्हणून त्या इथे एकट्याच. कायम मातीत वावरलेलं शरीर तिसऱ्या मजल्यावर येऊन आखडलं होतं, म्हणून शेजारणीने त्यांना वर्गाला आणलं होतं.

आमची लेक आणि त्यांचा मुलगा, दोघांनी आपलं आपण जमवलेलं लग्न. घरं वेगळी, रीतभात वेगळी, तरी आम्ही दोन्हीकडच्यांनी आनंदाने लावून दिलं. फक्त लग्नाच्या दिवशी एक गोष्ट झाली. विहीणबाईंनी आपल्या मळ्यातली शेवंती, निशिगंध, गुलाब असं टेम्पोभर मंडपासाठी आणलं होतं, आणि कार्यालयाच्या सजावटवाल्याने ते आत येऊ दिलं नाही. त्याचा करार होता, त्याची कापडाची फुलं आधीच लावून झाली होती. बोलाचाली झाली, त्यांचे भाऊ तापले, हे मध्ये पडले, आणि फुलं कार्यालयाच्या मागे क्रेटमध्ये तशीच राहिली. विहीणबाई त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी फार नीट वागत होतो. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फराळाचा डबा, फोनवर तब्येतीची चौकशी. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही.

मैदानावर त्यांनी मला बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही पण?" मी हात दाखवला. त्यांनी माझं मनगट असं उलटंपालटं करून बघितलं, जशी एखादी जून झालेली भेंडी बघावी, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

महिनाभर असंच चाललं. शेजारी शेजारी उभ्या राहायचो, संपल्यावर "येते हं" म्हणायचो. मग सरांनी जोड्यांचा प्रकार सुरू केला. समोरासमोर उभं राहायचं, एक पाय पुढे, मनगटाला मनगट टेकवायचं. एकीने हळू ढकलायचं, दुसरीने ते ढकलणं अंगावर घेत मागे जायचं आणि कमरेतून वळवून परत द्यायचं. जात्याला दोघी बसतात तसे हात गोल फिरत राहतात. सरांनी उंचीप्रमाणे जोड्या लावल्या आणि आम्ही दोघी समोरासमोर आलो. आमचं नातं त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही.

इतक्या वर्षांत मी विहीणबाईंना हातावर तिळगूळ ठेवण्यापलीकडे हात लावला नव्हता. त्यांचा हात खरखरीत, गरम आणि जड होता. त्यांनी ढकललं की मी एकतर हात ताठ करून अडवायची, नाहीतर सरळ दोन पावलं मागे पळायची. सर येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, "अडवू नका आणि पळूही नका. हाताला हात लागलेला राहू द्या." एवढंच बोलून पुढच्या जोडीकडे गेले.

विहीणबाईंना ते लवकर जमलं. मला वेळ लागला. पण एक सकाळ अशी आली की त्यांचा हात कुठे जाणार आहे ते मला माझ्या मनगटात आधीच कळलं, मी वळले आणि त्याच वळणात त्यांना परत ढकललं. त्या जराशा हलल्या आणि हसल्या. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि पायरीवर बसून आम्ही दोघी गवती चहा प्यायलो. पुढे ते रोजचंच झालं. माझी साळी-ज्वारीच्या लाह्यांची पुडी, त्यांचा चहा.

तिथेच एकदा त्यांनी लग्नातल्या फुलांचा विषय काढला. मी काढला नसता. त्या म्हणाल्या, "फुलं लय होती हो. माझ्या मालकांनी लावलेल्या गुलाबाची शेवटची तोड होती ती. त्यांच्या हातचं काहीतरी मांडवात असावं, एवढंच माझ्या मनात होतं. तुमचा काय दोष नाय त्यात."

आमच्या घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आम्ही समजत होतो, मानपानाचा राग आहे. मी लाह्यांची पुडी त्यांच्यापुढे केली. त्यांनी मूठभर घेतल्या.

लेकीला फोनवर सांगितलं की तुझ्या सासूबाई आणि मी सकाळी एकत्र व्यायाम करतो, तर ती आधी हसली आणि मग गप्प झाली. ते गप्प होणं मला दिवाळीनंतर कळलं. तेव्हा तिने फोन केला आणि म्हणाली, आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. भांडण नव्हतं. मारहाण, व्यसन, दुसरं माणूस, यातलं काही नव्हतं. दोघं दोन वर्षं एका घरात पाहुण्यांसारखे राहत होते, असं ती म्हणाली. मी पुष्कळ विचारलं, तिनेही पुष्कळ सांगितलं, आणि तरी मला नीटसं कळलं नाही. ह्यांना तर बिलकूलच कळलं नाही. कारण सापडत नसलं की ह्यांना राग येतो. मशीन बंद पडलं तर काहीतरी तुटलेलं सापडलंच पाहिजे, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. शेवटी त्यांनी सगळा राग तिकडच्या घरावर काढला आणि मला म्हणाले, संबंध संपला, आता त्या मैदानावर जायचं काही कारण उरलं नाही.

मी काही दिवस गेले नाही. खरं तर माझीच मनःस्थिती नव्हती. पण न्हाणीघरातून येताना दोनदा दाराची चौकट धरावी लागली आणि मी घाबरले. ह्यांना सांगितलं की मी जाणार आहे, रिक्षाने जाईन. ह्यांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला. मी रिक्षाने गेले.

विहीणबाई आल्या नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात आल्या. मला बघून थबकल्या आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मीही जागा सोडली नाही. तीनचार सकाळी अशाच गेल्या. मग जोड्यांचा दिवस आला. सरांना काय कल्पना? त्यांनी नेहमीप्रमाणे आम्हाला समोरासमोर उभं केलं.

मनगटाला मनगट लागलं. मी हळूच ढकललं, तर विहीणबाईंचा हात लाकडासारखा. त्यांनी उलट एवढ्या जोरात रेटलं की मी मागे गेले. पण मागचा पाय जमिनीत राहिला, कंबर वळली, आणि मी पडले नाही. मी हात काढून घेतला नाही. त्यांनी आणखी एकदा तसंच ढकललं, मी पुन्हा तसंच घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातातला जोर ओसरला. डोळे भरून आले होते, पण हात फिरत होते.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरांनी सोडलं एकमेकांना. आता आपण काय करायचं हो?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"मग सर थांबा म्हणेपर्यंत करू."

सरांनी थांबा म्हटलं तेव्हा आम्ही थांबलो. पायरीवर बसल्यावर त्यांनी थर्मास काढला. नेहमीचा चहा होता. मुलांबद्दल आम्ही त्या दिवशी बोललो नाही, पुढेही फारसं बोललो नाही. बोलायला गेलं की एकीला आपल्या पोराची बाजू घ्यावीशी वाटणार, हे दोघींना कळत होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की त्या मला विहीणबाईच म्हणणार, आता तोंडाला सवय झाली, आणि कोर्टाचा कागद त्यांच्या तोंडाला लागू होत नाही.

घरी मी हे सगळं ह्यांना सांगितलं. लपवून जाणं मला जमलं नसतं. हे म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, मैदानावर पलीकडे माणसं कारण नसताना हसतात, त्यात आणखी दोन. त्यावर हे खरंच हसले, पण स्कूटर काही काढली नाही.

थंडी संपत आली तेव्हा विहीणबाई पुन्हा दिसेनाशा झाल्या. फोन केला तर आवाज खोल गेलेला. कानाच्या आतल्या भागाला सूज आली होती, उठून बसल्या की घर फिरायचं. औषध चालू होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पडून राहू नका, धरून धरून उभ्या राहा, चाला, डोकं वळवा. पण धरायला घरात कुणी नव्हतं. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जायची, तेवढीच. मुलाला त्यांनी कळवलंही नव्हतं. त्याचं आधीच काय कमी चाललंय, म्हणाल्या.

मी ह्यांना म्हटलं, मला जायचंय. बाहेर रिक्षा लवकर मिळेना. हे काही वेळ व्हरांड्यातून माझ्याकडे बघत होते. मग आत गेले, किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, "चल, सोडतो. मी वर येणार नाही."

विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून. मी त्यांना उठवलं. त्या उभ्या राहिल्या आणि लगेच डावीकडे कलल्या. मी समोर उभी राहिले, गुडघे सैल सोडले आणि माझे तळवे त्यांच्या तळव्यांना लावले. धरलं नाही. मला आतून भीती वाटत होती की दोघी मिळून पडू. त्या इकडे कलल्या की माझा हात तिकडून जरा भरायचा, त्या परत मध्ये यायच्या. ताई चीचं नाव घ्यावं असं त्यात काही नव्हतं. नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर. पलंगापासून खिडकीपर्यंत आलो, तेव्हा त्यांना घाम फुटला होता. खिडकीत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "घर फिरतंय, पण उभी हाय."

मग मी रोज जायला लागले. हे मला सोडायचे आणि खाली कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे. आठवड्याभराने विहीणबाईंनीच खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, त्यांना उन्हात का बसवलंय? त्यांनी स्वयंपाकाच्या बाईला खाली पाठवलं. हे वर आले, दाराजवळच्या खुर्चीवर चपला न काढता बसले, मग उठून चपला काढून आले. चहा झाला. विहीणबाईंच्या बाथरूमच्या दाराची कडी ढिली होती, ती त्यांच्या लक्षात आली. दुसऱ्या दिवशी येताना पिशवीत ड्रिल, स्क्रू-ड्रायव्हर आणि भिंतीला लावायचा स्टीलचा दांडा होता. धरायला काहीतरी पाहिजेच, म्हणाले.

हे तो दांडा बसवत होते तेव्हाच दार वाजलं. मी उघडलं तर समोर जावई. जावईच म्हणते, दुसरा शब्द मला अजून सुचलेला नाही. शेजाऱ्यांकडून आईचं कळल्यावर आला होता. खांद्याला बॅग, दाढी वाढलेली. मला बघून तो दारातच उभा राहिला. मग वाकून नमस्कार केला. मी पाठीवर हात ठेवला, तर पाठ चांगलीच हाडकुळी झालेली.

ड्रिलचा आवाज थांबला. हे बाथरूममधून बाहेर आले, हाताला भिंतीचा पांढरा भुगा. जावई त्यांच्याही पाया पडायला वाकला. मला धडकी भरली, कारण आधीचे काही महिने हे त्याच्याबद्दल काय काय बोलले होते ते मी ऐकलं होतं. ह्यांनी हात पुढे केला, हाताचा भुगा बघून मागे घेतला.

"रेल्वेने आलास की विमानाने?" ह्यांनी विचारलं.

"विमानाने. ओझरला उतरलो."

"हां," हे म्हणाले. "तो दांडा मी धरतो, तू खालचा स्क्रू घट्ट कर. माझा गुडघा वाकत नाही तिथे."

दोघं आत गेले. विहीणबाई पलंगावर बसून आतला आवाज ऐकत होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे केले. त्या उठल्या. त्या दिवशी आम्ही दारापर्यंत जाऊन परत आलो.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "आईंची चक्कर थांबली का?" सासूबाईंना ती आईच म्हणत आली होती. मी म्हटलं, थांबत आलीये, पण जिना उतरताना अजून हात धरावा लागतो.

"मग धर ना," ती म्हणाली. पुढे ती बदलीचं, नव्या घराचं बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले.

कोर्टाचं काम उन्हाळ्यात पार पडलं. दोघांनीही आम्हाला यायची गरज नाही असं सांगितलं होतं. ह्यांचा राग गेला असं म्हणता येणार नाही, पण तो आता कुणावर आहे ते त्यांना सांगता येत नाही. विहीणबाई पुन्हा मैदानावर यायला लागल्या. मी अजून पडलेले नाही, आणि एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात मोजा घालते. पूर्वी पलंगावर बसून घालायची.

सध्या सर वळायचं शिकवताहेत. सगळा वर्ग एकदम पाठमोरा होतो तेव्हा आमची मागची ओळ पुढची होते, आणि बघून करायला समोर कुणी नसतं, नुसती अशोकाची झाडं. मग मी डोळ्याच्या कोपऱ्यातून विहीणबाईंकडे बघते, तर त्या माझ्याकडेच बघत असतात. आम्ही बहुतेक वेळा दोघीही चुकतो. मागून सर नुसते बघत राहतात.